बीर सिदरची आडवी कबर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सुका जवळा निवडणं. पडवीत चटई टाकली, मधे सूप ठेवलं आणि समोरासमोर बसलो. माझी बायको मैमुना त्यातले शिंपले, काड्या, बारके खेकडे भराभर काढत होती. मी माझ्या परीने काढत होतो.

"चष्मा लावा," ती म्हणाली.

"लावलाय."

"मग डोळे उघडा."

तेवढ्यात अल्ताफचा फोटो आला. अल्ताफ आमचा एकुलता मुलगा. सौदीत यान्बूला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. फोटोत हमरस्त्याच्या कडेला उभा केलेला तपकिरी बोर्ड होता, वर अरबी, खाली इंग्रजी. पाठोपाठ त्याचा आवाज आला. कामाच्या गाडीतून बीर सिदरवरून जात होतो, तिथे गावच्या इतिहासाचे बोर्ड लावलेत, तुम्हाला दोघांना बघून बरं वाटेल. मग त्याने एक बोर्ड मराठीत करून ऐकवला. पूर्वी ही जमीन रिकामी होती. शेख आयद आपलं कुटुंब आणि उंट घेऊन आले आणि त्यांनी वस्ती केली. या मातीत पहिले तेच गेले. समोरचं कबरस्तान त्यांच्यापासून सुरू झालं.

मैमुनाचा हात सुपात थांबला.

"पहिले ते? मग हाजरा?"

"बोर्ड लिहिणाऱ्यांना काय ठाऊक," मी म्हटलं.

"तुम्हाला तर ठाऊक आहे."

एवढं बोलून तिने सूप उचललं आणि पाखडायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून लवंडली ती उठली नाही. माणसं आली, चाळिसावं झालं, माणसं गेली. माझ्या कानात ते एकच वाक्य राहिलं. चौथ्या महिन्यात अल्ताफला फोन लावला आणि सांगितलं, व्हिजिट व्हिसा काढ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. मी गवंडी. सातवी शिकलो, त्यामुळे शुद्धलेखन मासिकवाल्यांनी बघून घ्यावं, मजकुराला हात लावू नये. चाळीस वर्षांमागे यान्बूच्या उत्तरेला समुद्राकाठचा रस्ता बांधणाऱ्या कंपनीत मी होतो. आमच्या इंजिनिअर साहेबाच्या बायकोला घरात मदतीला बाई पाहिजे होती, म्हणून मैमुनाचाही व्हिसा निघाला. त्या कॅम्पात नवरा-बायको एकत्र असलेले कामगार आम्ही दोघंच. तिथेच आमचं पहिलं मूल झालं, मुलगी. नाव हाजरा. बारा दिवसांची झाली आणि तापाने गेली. मी माझ्या हाताने तिची कबर खोदली. तेव्हा तिथे कबरस्तान नव्हतं, गावही नव्हतं. एक विहीर, चार-पाच काळे तंबू आणि आमच्या पत्र्याच्या केबिन. शेख आयद त्यानंतर सात-आठ महिन्यांनी गेले. त्यांच्या मातीला मी स्वतः हजर होतो.

तेव्हा मला तिकडे जाऊन एकच काम करायचं होतं. पहिली माझी मुलगी, हे त्या गावाच्या तोंडून वदवून घ्यायचं.

जेद्दा

विमानतळावर माझी बॅग उघडली ती एका कोवळ्या सौदी अधिकाऱ्याने. त्याच्या हाताला जवळ्याची पिशवी लागली. मैमुनाने निवडलेला होता, घरी ठेवून कोणासाठी ठेवायचा? त्याने गाठ सोडली, नाक आत घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

"एश हादा?" म्हणजे हे काय?

"समक," मी म्हटलं. मासे.

त्याने आत पुन्हा बघितलं. एवढेसे मासे कुठे असतात, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हटलं, "सगीर." लहान. त्याने पिशवी दोन बोटांत लांब धरून मला परत दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

माझी अरबी सिमेंटची अरबी आहे. आण, ठेव, ओत, थांब, खलास. साहेबाशी बोलायला निराळी भाषा लागते ती मला कधी आली नाही. बिगाऱ्याशी बोलायची तीच मी राजालाही बोललो असतो.

मक्केत उमरा केला. सफा-मरवा या दोन टेकड्यांमधल्या फेऱ्या घालताना गुडघे बोलायला लागले. ढकलखुर्ची घ्या म्हणून दोघातिघांनी सांगितलं, मी घेतली नाही. तिथे चालताना माझ्या मनात एक गोष्ट आली. ही धावपळ कोणाची? बीबी हाजराची. परमुलखातून आलेली बाई, जवळ तान्हं मूल, आजूबाजूला माणूस नाही, पाणी नाही. मक्का वसली ती तिच्यापासून. आज लाखो लोक तिच्या पावलांवर पाऊल टाकतात, आणि तिला कोणी विचारत नाही की तुझ्याकडे इकामा, म्हणजे राहायचा परवाना, होता का. मैमुनाने मुलीचं नाव हाजरा का ठेवलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं होतं तिच्या आत्याचं नाव म्हणून.

जेद्दाच्या जुन्या बाजारात, बलदमध्ये, एक दिवस काढला. तिथल्या गल्ल्यांत आमच्या रत्नागिरी-रायगडकडची माणसं दुकानांतून बसलेली असायची. उभ्या उभ्या चहा मिळायचा, गावच्या बातम्या मिळायच्या. आता दुकानांच्या गल्ल्यावर सौदी पोरं बसलेली आहेत. सरकारचा हुकूमच आहे की अमुक दुकानात आमचाच माणूस पाहिजे. मला त्याचा राग नाही, हे लिहून ठेवतो. त्यांचा देश आहे, त्यांची पोरं कामाला लागली तर वाईट काय? आपल्या पोरांना गावात काम मिळालं असतं तर आम्ही तरी कशाला गेलो असतो. माझा राग आहे तो बोर्डावरच्या 'रिकामी' या शब्दाचा.

यान्बू

अल्ताफ खोलीत एकटाच राहतो. बायको-मुलांना गेल्या वर्षी त्याने रत्नागिरीला पोचवलं. मी पोचलो त्या दिवशी जवळ्याची चटणी करायला घेतली तर त्याने आधी खिडक्या लावल्या.

"शेजारी सुदानी आहे, अब्बा. मागच्या वेळी त्याने वॉचमनला बोलावलं होतं. म्हणाला, काहीतरी मेलंय."

"मग त्याला जेवायला बोलव. बघू दे काय मेलंय ते."

बोलावला. सुदानी दोन भाकऱ्या जास्त जेवला आणि जाताना चटणी बांधून मागितली.

तो गेल्यावर मी अल्ताफला म्हटलं, शुक्रवारी बीर सिदरला जाऊ. तो ताटं धूत होता, वळला नाही.

"कबर बघायला जाऊ. पण बोर्डाचा विषय काढू नका."

"का?"

"माझ्याबरोबर स्टोअरला फहद म्हणून एक सौदी मुलगा आहे. मी त्याला काम शिकवतो. तो शेख आयदचा पणतू."

"बरं झालं. घर शोधायला नको."

"अब्बा, ऐका. माझा इकामा दोन महिन्यांत संपतो. पुढचा होणार की नाही, ते मॅनेजर फहदला विचारून ठरवणार."

"तू त्याला शिकवतोस आणि तोच तुझा निकाल लावणार?"

"सध्या असंच चाललंय."

"मास्तर नापास, विद्यार्थी पास."

"तुम्हाला थट्टा सुचते," तो म्हणाला. "मला दोन मुलांची शाळा दिसते."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मी त्याला सांगितलं, तुला दोन मुलं दिसतात, मला एक दिसते. त्याचा इकामा पुढे झाला की नाही ते मी इथे लिहिणार नाही. तो त्याचा विषय आहे, कोणाला जाणून घ्यायचं असेल तर त्याला विचारा.

बीर सिदर

बीर म्हणजे विहीर आणि सिदर म्हणजे त्यांच्याकडची बोर. यान्बूपासून दीड तासाचा रस्ता. डाव्या हाताला समुद्र, निळा तरी किती असावा. आपल्याकडे खाडीच्या पाण्यात गाळ असतो, माड असतात, होड्या असतात, पाण्याला सोबत असते. हा समुद्र एकटा पडलेला आहे. काठावर झाड नाही. उजव्या हाताला काळे डोंगर, जळल्यासारखे. पण रस्ता बघा. मोऱ्या बघा. एका मोरीपाशी मी गाडी थांबवायला लावली, उतरून खाली गेलो आणि काँक्रीटवर हात फिरवला. चाळीस वर्षांत एक तडा नाही.

"कोणी बांधली?" मी अल्ताफला विचारलं.

"तुम्ही, अब्बा. हे मला लहानपणापासून पाठ आहे."

गावाच्या तोंडाशी गाड्या लावायला जागा केलेली आहे आणि तिथून बोर्ड सुरू होतात. अल्ताफ वाचत गेला. पहिला विहिरीचा. वाटसरूंनी इथे पाणी प्यायलं, उंट बसले, वगैरे. विहीर जाळी लावून जपली आहे. तिचं तोंड सिमेंटचं आहे आणि त्यावर थापीने काढलेली लाटांची नक्षी आहे. ती नक्षी कोणत्या उंटाने काढली ते बोर्डावर नव्हतं. ती आमच्या दाभोळच्या मिस्त्र्याच्या हातची, त्याच्याकडून मी शिकलो. दुसरा बोर्ड शाळेचा, पहिली शाळा तंबूत भरली म्हणून. खरं आहे, तंबू आमच्या कॅम्पाचा होता, आम्ही निघताना सोडून गेलो. तिसरा तो फोटोतला. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. अक्षरं मला वाचता येत नव्हती, पण त्यातल्या कुठल्या ओळीत माझी मुलगी पुसली आहे ते अल्ताफने बोट ठेवून दाखवलं.

आता एक गंमत सांगतो. त्यांच्यात कबरीवर नाव लिहीत नाहीत. राजा असो की मेंढपाळ, डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड, संपलं. आपल्याकडे कबरस्तानात चाफा असतो, जुम्मेरातीला, गुरुवारी, फुलं जातात, ज्याला परवडतं तो संगमरवरी पाटी लावतो. त्यांचा नियम मला तेव्हाही आवडला होता. मातीत गेल्यावर सगळे सारखे. पण नियम पाळायचा तर रस्त्यावरही पाळावा. कबरीवर नाव नको आणि हमरस्त्यावर हातभर अक्षरांत चालतं, हे कसं?

कबरस्तानाला आता भिंत आहे, लोखंडी दरवाजा आहे. आत शंभर-दीडशे कबरी असतील. सगळ्या एका दिशेने, डोकं पश्चिमेकडे, तोंड दक्षिणेकडे, कारण मक्का तिथून दक्षिणेला आहे.

"एवढ्यात कशी सापडणार?" अल्ताफ म्हणाला.

"सापडेल. ती आडवी आहे."

हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याला काय, कोणालाच सांगितलं नव्हतं, एक मैमुना सोडून. तिथे उन्हात उभं राहून मुलाला सांगितलं.

आपल्याकडे मक्का पश्चिमेला. कबर खोदायची ती उत्तर-दक्षिण, डोकं उत्तरेला, तोंड मावळतीकडे. बापाची तशी खोदली, चुलत्याची तशी खोदली. खोदताना दिशा कोणी विचारत नाही, उगवतीकडे पाठ केली की हात आपोआप चालतात. बीर सिदरला आमचा कॅम्प येऊन तीन आठवडे झाले होते. नमाज आम्ही केबिनच्या आत पढत होतो, भिंतीवर बाण काढलेला होता, तिकडे तोंड करायचो. हाजराच्या जनाज्याची नमाजही तिथेच झाली. नंतर तिला घेऊन मी आणि माझा सोबती माळावर गेलो. सूर्य नुकता वर आला होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि खोदायला लागलो. दाभोळच्या माणसाने दाभोळची कबर खोदली. मक्केच्या इतक्या जवळ येऊन मी मुलीला मक्केकडे तोंड करून झोपवलं नाही, समुद्राकडे झोपवलं.

कळलं ते शेख आयदच्या मातीला. त्यांची कबर हाजराच्या शेजारी खोदली आणि ती काटकोनात आली. पण कोणाला म्हणून सांगू आणि काय सांगू? बायका कबरस्तानात जात नसत, मैमुनाने ती कायम रस्त्यावरून, साहेबाच्या गाडीतून बघितली. एक दिवस मला म्हणाली, आपली वेगळी का झोपलीय? तेव्हा सांगावं लागलं. मला वाटलं ही आता मला कधी माफ करणार नाही. ती म्हणाली, "लहान आहे. कूस बदलेल."

अल्ताफ ऐकत होता. त्याने रुमालाने मान पुसली आणि ओळींच्या मधून चालायला लागला. दरवाजापासून दूरच्या कोपऱ्यात त्याने मला हाक मारली.

होती. दोन वितींच्या अंतरावर दोन दगड, बाकी सगळ्यांना आडवे. वाळू वर आली होती, पण दगड वाळूच्या वर होते, म्हणजे कोणीतरी वेळोवेळी उचलून लावले होते. आणि दोन्ही दगडांवर लाल रंगाची फुली होती. ओळी सरळ करण्यासाठी कंत्राटदाराने दोरी ताणली होती, ती नेमकी त्यांच्यावरून गेली होती. लाल फुलीचा अर्थ मला कोणी सांगायला नको. मी आयुष्यभर मारत आलो. लाल फुली म्हणजे काढून टाका.

"रविवारी काम सुरू होतंय," अल्ताफ म्हणाला. दरवाजावर कागद होता, तो त्याने वाचला होता. "त्यांना वाटलं असेल हे नुसतेच दगड आहेत. आडवी कबर असते असं कोणाला वाटेल?"

"चल," मी म्हटलं. "फहदचं घर दाखव."

अबू मन्सूरचा दिवाणखाना

फहदचा आजोबा अबू मन्सूर, म्हणजे शेख आयदचा मुलगा. तो आमच्या कॅम्पाला पाण्याचा टँकर चालवायचा. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. काठी टेकत दाराशी आला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "उस्मान बन्ना." बन्ना म्हणजे गवंडी. चाळीस वर्षांनी त्याने मला नावाने ओळखलं, हे खरं आहे, त्याचं श्रेय त्याला देतो. गालाला गाल लावले. मैमुना गेल्याचं सांगितलं तेव्हा त्याने दोन्ही हात वर करून दुआ मागितली.

जुम्म्याचं जेवण होतं. खाली सुफरा, म्हणजे जेवायची चादर, पसरून मधे मोठं ताट, तळलेल्या कांद्याचा तपकिरी भात आणि त्यावर अख्खा मासा. सगळे एकाच ताटात. आपल्याकडे पाहुण्याला वाढताना आग्रह करतात, तिथे यजमान गालाचं मांस काढून गुपचूप पाहुण्याच्या पुढे सरकवतो. मासा ताजा होता. कोकम नव्हतं. फहद हसऱ्या तोंडाचा मुलगा, मला आदराने 'अम्मी' म्हणजे काका म्हणत होता, अल्ताफच्या पुढ्यातही तुकडे टाकत होता. वाईट माणसं असती तर माझं काम सोपं झालं असतं.

जेवणानंतर कहवा आला, वेलचीचा, लहान पेल्यात. फहदने मला दिला. मी घेतला आणि न पिता समोर सतरंजीवर ठेवला.

सगळे त्या पेल्याकडे बघायला लागले. अल्ताफला कळेना काय झालं. त्यांच्यातली ही जुनी चाल आहे, कॅम्पाच्या दिवसांत मी बघितलेली. पाहुणा पेला खाली ठेवतो तेव्हा त्याला काहीतरी मागायचं असतं, आणि ते मिळेपर्यंत तो पीत नाही. यजमानाच्या घरचा कहवा न पिता पाहुणा उठला तर ती गोष्ट गावात राहते.

"पी, उस्मान," अबू मन्सूर म्हणाला.

"आधी काम."

"माग."

"कबरस्तानात माझी मुलगी आहे. तिच्या दगडांवर लाल फुली. ती पूस. आणि या मुलासमोर सांग, तिथे पहिलं कोण गेलं."

अबू मन्सूरने काठी या हातातून त्या हातात घेतली. "किती वर्षं झाली," तो म्हणाला. "आता कोणाला काय फरक पडतो?"

"मला."

"मुलांनी मला विचारलं, आपल्यात पहिलं कोण गेलं. मी म्हटलं, माझा बाप. खोटं काय सांगितलं?"

"आपल्यात," मी म्हटलं. "बोर्डावर 'आपल्यात' नाही. बोर्डावर रिकामी जमीन आहे."

फहद मधे बोलला, नरमपणे. "काका, त्या दगडांचं मी ऐकलंय. पण ते किब्ल्याच्या, मक्केच्या दिशेने नाहीत. तिथे कबर असती तर लोकांनी अशी आडवी कशी खोदली असती?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण माझ्या सिमेंटच्या अरबीत ते मावेना. मी 'पहिला', 'चूक', 'बघणे' असे शब्द एकापुढे एक ठेवले आणि ते ढासळले. मी अल्ताफकडे बघितलं. त्याने खाली बघितलं. मी त्याला सांग म्हटलं नाही. सांगायला तोंड नव्हतं. दोन मुलांची शाळा मलाही दिसत होती.

मग मी मराठीत बोललो, भिंतीशी बोलावं तसं. "शेजारी कबर असती तर मी तिच्याकडे बघून खोदली असती. कोणीही बघूनच खोदतं. आडवी आहे, कारण बघायला काही नव्हतं. चुकतो तो पहिला येणारा. नंतरच्यांना चुकायची सोय नसते."

अल्ताफ बसला होता तिथे सरळ झाला. त्याची अरबी चांगली आहे, कागदावरची. त्याने माझं बोलणं त्यांना सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मक्केच्या बीबी हाजराचं मी त्याला गाडीत बोललो होतो, तेही त्याने सांगितलं, की तुमचा सगळ्यात मोठा गाव एका परक्या बाईने वसवला, तिच्या तान्ह्या मुलासाठी पाणी शोधताना. आणि शेवटी तो एक शब्द बोलला जो मी त्याला सांगितला नव्हता. "उख्ती," म्हणाला. माझी बहीण. चाळिशीच्या जवळ आलेला माझा मुलगा, त्याने हा शब्द जन्मात कोणासाठी वापरला नव्हता.

फहद आजोबांकडे बघत होता.

अबू मन्सूरने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "पाणी कोमट होतं."

कोणाला काही कळलं नाही. तो फहदला सांगायला लागला. "मी पहाटे टँकर घेऊन पोचलो. हा बाहेर उभा होता. म्हणाला, मुलीला न्हाऊ घालायचंय. मी नळ सोडला. पाणी कोमट होतं, रात्रीही टँकर निवायचा नाही त्या दिवसांत. मी मनात म्हटलं, बरं झालं, लहान आहे, थंड पाणी नको." त्याने दाराबाहेर बोट दाखवलं. "माझा बाप तेव्हा जिवंत होता. तंबूच्या दारात बसून बघत होता. तोच मला म्हणाला, या माळावर आता कोणीतरी राहायला आलं."

"मग दगड कोण उचलून लावायचं?" मी विचारलं.

"डोंगरातून पूर आला की वाहतात. बापाचे लावायला जायचो, तेव्हा तेही लावायचो. आडवे होते तसेच. मला वाटलं तुमच्याकडे तशीच पद्धत असेल."

त्याने फहदला सांगितलं, आत्ताच्या आत्ता कंत्राटदाराला फोन कर. फहदने तिथेच लावला. दोन दगडांना हात लावायचा नाही, दिशाही बदलायची नाही, ती कबर आहे. मग अबू मन्सूर माझ्याकडे वळला.

"दगड मुलीचे, ते राहतील. पहिली ती, हे मी बोललो, माझ्या नातवाने ऐकलं. बोर्ड मात्र माझ्या बापाचा आहे. तो मी काढायला सांगणार नाही. आता पी."

मी पेला उचलला. गार झाला होता. प्यायलो.

"दगड राहिले, उपकार," मी म्हटलं. "बोर्डाचं मी बघतो."

"अब्बा," अल्ताफ म्हणाला.

अबू मन्सूर दात नसलेल्या तोंडाने हसला. "हा तेव्हाही असाच होता," तो फहदला म्हणाला. "साहेबाने वाकडी म्हटलेली भिंत याने ओळंबा लावून साहेबालाच दाखवली होती."

त्याने आम्हाला जाऊ दिलं नाही. पाहुण्याने निदान एक रात्र राहायचं असतं. बाहेरच्या खोलीत गाद्या घातल्या.

सकाळी फजरची नमाज पढून मी अबू मन्सूरच्या ओट्यावरची प्लॅस्टिकची खुर्ची उचलली. अल्ताफने विचारलं, कुठे निघालात? मी सांगितलं. तो दोन मिनिटं उभा राहिला, मग त्याने खुर्ची माझ्या हातातून घेतली, गाडीत टाकली, मला हमरस्त्यावर आणून सोडलं आणि पाण्याची बाटली ठेवून गेला. मी तिसऱ्या बोर्डाच्या पायथ्याशी, सावली पडते त्या बाजूला बसलो. पहिली गाडी तबूककडची होती, नवरा, बायको, मागे तीन मुलं. माणूस उतरला, बोर्ड वाचला, फोटो काढला. मला वाटसरू समजून खजूर देऊ लागला.

मी म्हटलं, "थांब. बस. शेख आयद दुसरे. पहिली मुलगी, हाजरा नावाची. बारा दिवसांची. मी तिचा बाप."

तो थांबला. त्याने गाडीकडे वळून बायकोला हाक मारली, मुलांनाही उतरवलं आणि मला म्हणाला, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. दुपारच्या अजानपर्यंत अकरा गाड्या थांबल्या. अकराही गाड्यांना सांगितलं.